बोट तरते कशी, उलटते कशी

१७ जुलै १९४७ चा दिवस. देशाला स्वातंत्र्य मिळायला महिना उरला होता. आषाढ संपत आला होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी ‘रामदास’ नावाची आगबोट रेवसला निघाली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसे होती. मुंबईत पोटापाण्यासाठी राहिलेली आणि आपल्या गावाकडे निघालेली ही माणसे. पावसाळ्याचे दिवस, समुद्र खवळलेला. पण रेवस काही लांब नाही. थोडा वेळ कळ काढली की झाले, असेच सर्वांना वाटले असणार.

बोट रेवसला पोचलीच नाही. धक्का सोडून तासही झाला नव्हता, तोच लाटांच्या तडाख्याने ती एका अंगावर झुकली. झुकली ती पुन्हा सरळ झाली नाही. बघता बघता उलटली. सहाशेहून जास्त माणसे बुडाली. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, गावोगाव रडारड झाली.

ही गोष्ट आम्ही प्रथम सांगितली ती एका कारणासाठी. बोट बुडाली म्हटले की आपल्याला वाटते, तिला भोक पडले असेल, आत पाणी शिरले असेल, मग ती खाली गेली असेल. पण पुष्कळ बोटी तशा बुडत नाहीत. त्या आधी उलटतात, मग बुडतात. पाण्यावर तरणे ही एक गोष्ट, आणि पाण्यावर सरळ उभे राहणे ही दुसरी गोष्ट. या दोन्ही गोष्टी कशा घडतात ते आपण पाहू.

घमेल्याचा हिशेब

लोखंडाचा खिळा पाण्यात टाका. तळाला जाईल. लोखंडाचे घमेले हौदात ठेवा. तरंगेल. दोन्ही लोखंडच. मग हा फरक का?

करून पाहा. रिकामे घमेले पाण्यावर ठेवा आणि तळहाताने खाली दाबा. पाणी हाताला उलटे रेटते. जितके जास्त दाबाल तितका रेटा जास्त लागतो. घमेल्याने पाण्याची जागा घेतली आहे ना? ते बाजूला सारलेले पाणी आपली जागा परत मागते. जेवढे पाणी बाजूला सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा वरच्या बाजूला मिळतो. हा नियम आर्किमिडीज नावाच्या ग्रीक पंडिताने शोधला, त्याला बावीसशे वर्षे होऊन गेली.

आता हिशेब मांडू. समजा, घमेल्याचे वजन दोन किलो आहे आणि त्यात काठोकाठ बारा लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. मग रिकाम्या घमेल्याला तरायला दोन लिटर पाणी बाजूला सारले की पुरे. म्हणून ते थोडेसेच बुडते. त्यात पाच किलो वाळू घाला, ते आणखी बुडेल. आठ किलो घाला, आणखी. दहा किलो झाली, की काठ पाण्याला टेकला. त्यावर मूठभर वाळू पडली तरी घमेले तळाला. खिळ्याचे काय होते? त्याला पोकळ पोट नाही. तो आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारूच शकत नाही.

आगबोट म्हणजे एक मोठे घमेलेच. तिचे पोट पोकळ असते, आणि त्या पोकळीच्या जोरावर ती माल वाहते. फार पूर्वी बोटी लाकडाच्या असत. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया नावाच्या पारशी कारागिरांनी सागवानी जहाजे बांधली. त्यांतले १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ हे जहाज अजून इंग्लंडात हार्टलपूल गावी पाण्यावर उभे आहे. दोनशे वर्षे! सागवान ते सागवानच. पण लाकडाची बोट फार लांब करता येत नाही. ती मधोमध वाकते. पुढे लोखंड आले, त्यामागून पोलाद आले, आणि विसाव्या शतकात बोटी गावाएवढ्या मोठ्या झाल्या.

पोटावरची रेघ

घमेल्यात किती वाळू भरायची हे आपल्याला डोळ्यांनी दिसते. बोटीत किती माल भरायचा हे कोणी ठरवायचे?

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हे बोटीचा मालक ठरवी. जास्त माल म्हणजे जास्त भाडे. बोट जुनी असो, तिच्या फळ्या कुजलेल्या असोत, मालक ती काठोकाठ भरे. वर तिचा विमा उतरवलेला असे. बोट पोचली तर भाडे मिळे, बुडाली तर विम्याचे पैसे मिळत. मालकाचे काही जात नसे. जीव जाई तो खलाशांचा. लोक अशा बोटींना ‘मढ्याच्या पेट्या’ म्हणत. आणि गंमत पाहा, गंमत कसली, अन्याय पाहा: करार केलेला खलाशी अशा बोटीवर चढायला नाही म्हणाला, तर त्यालाच तुरुंगात घालत.

सॅम्युअल प्लिमसॉल नावाचा एक कोळशाचा व्यापारी पार्लमेंटात निवडून आला होता. त्याने हा प्रश्न हाती घेतला. १८७३ साली त्याने खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिले. १८७५ साली सरकारने त्यासंबंधीचा कायदा पुढे ढकलला, तेव्हा तो भर सभागृहात मुठी आवळून ओरडला. त्याला माफी मागावी लागली, पण देशभर गवगवा झाला. १८७६ साली कायदा आला. प्रत्येक बोटीच्या पोटावर एक रेघ काढायची. माल भरता भरता पाणी त्या रेघेला लागले, की भरणे बंद.

कायदा झाला खरा, पण त्यात एक मोठी पळवाट राहिली. रेघ कोठे काढायची हे मालकानेच ठरवायचे होते! एका कप्तानाने म्हणे ती धुराड्यावर काढली. ही पळवाट बुजायला आणखी चौदा वर्षे गेली. १८९० साली रेघेची जागा कायद्याने ठरली. १९३० साली पुष्कळ देशांनी मिळून करार केला आणि ही रेघ जगभर लागू झाली. १९६६ साली नवा करार झाला. तोच थोड्याफार सुधारणा होऊन आजही चालतो.

बंदरात मोठी मालबोट उभी दिसली तर तिच्या मध्यभागी नीट पाहा. एक वर्तुळ दिसेल, त्याच्या आरपार एक आडवी रेघ. हीच ती रेघ. जवळच शिडीसारख्या आणखी काही लहान रेघा असतात आणि त्यांच्यापुढे इंग्रजी अक्षरे. ‘एस’ म्हणजे उन्हाळा. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. हिवाळ्यात तिकडचे समुद्र जास्त खवळतात, म्हणून ती रेघ खाली. म्हणजे माल कमी भरायचा. ‘टी’ म्हणजे उष्ण प्रदेशातले समुद्र. ही रेघ उन्हाळ्याच्या रेघेपेक्षाही थोडी वर असते.

आणखी एक अक्षर असते, ‘एफ’. ते गोड्या पाण्याचे. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते. हजार लिटर गोड्या पाण्याचे वजन हजार किलो, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचे सुमारे हजार पंचवीस किलो. म्हणून बोट नदीत जरा जास्त बुडते आणि समुद्रात गेली की आपोआप वर येते. विहिरीच्या पाण्यात अंडे टाकले तर बुडते, त्यात भरपूर मीठ घातले की वर येते. तीच गोष्ट.

भिंती असूनही बुडाली

आता ‘टायटॅनिक’चे नाव घ्यायलाच हवे. तिची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते, म्हणून आम्ही ती थोडक्यात सांगतो.

ही बोट आयर्लंडातल्या बेलफास्ट येथे बांधली. लांबी ८८२ फूट. तिच्या पोटात आडव्या भिंती घालून सोळा खण केले होते. हेतू हा, की एका खणाला भोक पडले तर पाणी तेवढ्याच खणात राहावे. पुढचे चार खण भरले तरी बोट तरेल असा हिशेब होता. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ती बर्फाच्या डोंगराला घासली आणि चारांहून जास्त खणांना भेगा पडल्या. पुढचा भाग पाण्याने जड होऊन खाली झुकू लागला. आणि भिंती? त्या फार उंच नेलेल्या नव्हत्या. उतारावरची भातखाचरे आठवा. वरचे खाचर भरले की पाणी बांधावरून खालच्या खाचरात उतरते. तसेच झाले. एक खण भरला की पाणी भिंतीवरून मागच्या खणात. अडीच-पावणेतीन तासांत बोट तळाला गेली.

बोटीवर बावीसशेहून जास्त माणसे होती. जीव वाचवण्याच्या होड्यांत जागा होती ११७८ जणांची. तरी कायदा मोडला नव्हता! कायदा जुना होता. दहा हजार टनांवरच्या बोटीला सोळा होड्या पुरेत, असे त्यात म्हटले होते. टायटॅनिक होती सेहेचाळीस हजार टनांची. त्यातही पहिली होडी खाली सोडली तेव्हा पासष्ट माणसांच्या जागेत निम्मीही माणसे नव्हती. सुमारे पंधराशे लोक गेले. पहिल्या वर्गाचे प्रवासी शेकडा साठहून जास्त वाचले. तिसऱ्या वर्गाचे शेकडा पंचवीसच्या आसपास. समुद्राला तिकिटाचा वर्ग कळत नाही; होड्यांपर्यंतचा रस्ता मात्र वर्गाप्रमाणे होता.

त्यानंतर १९१४ साली लंडनला अनेक देशांचे लोक जमले आणि ठरले, की बोटीवर जितकी माणसे तितक्यांना होडीत जागा हवीच. चांगला नियम. पण या चांगल्या नियमाची ओढ लागल्यावर एका ठिकाणी काय झाले ते आता ऐका.

कडब्याची गाडी

बैलगाडीत धान्याची दहा पोती भरा. एक चाक खड्ड्यात गेले तर गाडी झुकेल आणि पुन्हा सावरेल. तेवढ्याच वजनाचा कडबा उंच रचून भरा. चाक त्याच खड्ड्यात जाऊ द्या. गाडी कलंडेल. वजन तेच, चाके तीच. फरक एकच. पोत्यांचे वजन खाली आहे, कडब्याचे वजन उंचावर.

बोटीचेही असेच आहे. बोट डावीकडे झुकली, की डाव्या बाजूचे पोट पाण्यात जास्त जाते. तेथे पाण्याचा रेटा वाढतो. उजवी बाजू पाण्याबाहेर येते. तेथला रेटा कमी होतो. म्हणून पाणीच बोटीला ढकलून पुन्हा सरळ करते. जत्रेत एक बाहुली मिळते, कितीही आडवी पाडा, ती उठून बसते. तिच्या बुडाशी वजन असते. तळ जड असलेली बोटही अशीच उठते. पण वजन वरच्या मजल्यांवर असेल तर ते झुकल्या बाजूला ओणवते. पाण्याचा रेटा जेथे लागतो त्याच्याही पलीकडे वजन गेले, की रेटा सावरायच्या ऐवजी उलटवायलाच मदत करतो.

अमेरिकेत शिकागो शहरी ‘ईस्टलँड’ नावाची प्रवासी बोट होती. ती मुळातच डगमगती. टायटॅनिकनंतर होड्यांचे नियम कडक झाले, म्हणून १९१५ च्या जुलैत तिच्या वरच्या मजल्यावर जादा होड्या आणि तराफे चढवले. २४ जुलैला सकाळी एका कारखान्याचे कामगार बायकामुलांसह सहलीला जायला त्या बोटीवर चढले. अडीच हजारांहून जास्त माणसे. बोट धक्क्याला बांधलेली होती. ती सुटलीसुद्धा नव्हती. ती हळूहळू झुकली, सावरली, पुन्हा झुकली आणि नदीत आडवी झाली. पाणी किती खोल? वीस फूट. काठ किती लांब? चार पावले. तरी ८४४ माणसे मेली. आत अडकली, एकमेकांखाली दबली. वादळ नव्हते, खडक नव्हता, बर्फ नव्हता. जीव वाचवायला चढवलेल्या होड्यांचे वजन जीव घेण्याच्या कामी आले.

म्हणून बोट बांधणारा आधी हिशेब करतो: इंजिन तळाशी, तेल-पाण्याच्या टाक्या तळाशी, जड माल तळाशी. वर चढेल ते हलके. रिकाम्या बोटीचा तळ हलका होतो, म्हणून तिच्या तळच्या टाक्यांत मुद्दाम समुद्राचे पाणी भरतात. आपल्याकडचे खलाशी रिकाम्या गलबतात दगड किंवा रेती भरत, ती याचसाठी.

येथे एक शंका निघेल. तळ जितका जड तितके चांगले ना? तसे नाही. तळ फारच जड झाला तर बोट झुकल्यावर सपकन सरळ होते, पुन्हा दुसरीकडे झुकते, पुन्हा सपकन सरळ. माणसे आजारी पडतात, माल बांधलेले दोर तुटतात. गोव्यात मुरगावच्या बंदरातून लोखंडाची कच्ची माती परदेशी जाते. ही माती इतकी जड, की बोटीचे पोट अर्धेही भरण्याआधी रेघ पाण्याला लागते. सगळे वजन तळाशी बसते. म्हणून खास अशा मातीसाठी ज्या बोटी बांधतात, त्यांच्या कोठाराची जमीनच वर उचललेली असते. तळ जड हवा, पण बेताचा.

रेघ आणि तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरले की काय होते, ते दक्षिण कोरियात २०१४ साली दिसले. ‘सेवोल’ नावाच्या बोटीवर वरच्या मजल्यांवर जादा खोल्या बांधल्या होत्या. माल परवानगीपेक्षा फार जास्त भरला होता. मग रेघ बुडायला हवी होती. ती बुडू नये म्हणून तळच्या टाक्यांतले पाणी कमी केले. बाहेरून पाहणाऱ्याला बोट ठीक दिसली. एका वळणावर ती आडवी झाली. ३०४ जीव गेले. त्यांत बहुतेक शाळेची मुले होती.

परातीतले पाणी

पाण्याने भरलेली घागर डोक्यावर घेऊन बाया दोन दोन मैल चालतात. तेवढेच पाणी परातीत घालून चालून पाहा. परात किंचित झुकली, की सगळे पाणी त्या बाजूला धावते. ती बाजू जड होते, आणखी झुकते, आणखी पाणी धावते. सांडल्याखेरीज राहत नाही.

मोटारी आणि ट्रक पोटात घेऊन जाणाऱ्या बोटी आता पुष्कळ झाल्या. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून अशी बोट सुरू झाली. मोटारी आत-बाहेर करायच्या म्हणून मोठ्या गाडीबोटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, मोकळी जागा ठेवतात. आडवी भिंत नाही. म्हणजे परातच. त्या परातीत पाणी येऊ न देणे हाच अशा बोटीचा सारा बंदोबस्त.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही अशी बोट निघाली. तिचे पुढचे दार उघडेच राहिले. ज्या खलाशाने ते लावायचे तो आपल्या खोलीत झोपला होता. कप्तानाला वरून दार दिसत नव्हते. बोटीने वेग घेतला, पाणी आत आले आणि परातीसारखे एका बाजूला धावले. दीड-दोन मिनिटांत बोट आडवी. १९३ माणसे गेली. चौकशीत एक गोष्ट बाहेर आली. दार लागले की नाही हे दाखवणारा एक दिवा आमच्यापुढे बसवा, अशी मागणी त्या बोटींच्या कप्तानांनी आधीच केली होती. वरच्या साहेबांनी ती थट्टेवारी नेली होती. सगळा दोष झोपलेल्या माणसावर टाकणे सोपे होते. चौकशी करणाऱ्यांनी तसे केले नाही, हे आम्हाला बरे वाटते.

पाणीच हवे असेही नाही. पावसात भिजलेली बारीक लोखंडी माती बोटीत भरली, की प्रवासात हादऱ्यांनी तिचा चिखल होतो. चिखल पाण्यासारखा वाहतो. सुकी दिसणारी माती आणि बोट अचानक एका अंगावर! २००९ सालच्या पावसाळ्यात भारताच्या किनाऱ्याजवळ अशा मातीने भरलेल्या दोन बोटी बुडाल्या. म्हणून आता अशी माती भरण्याआधी तिच्यात ओल किती आहे ते तपासावे लागते.

आणि माणसे? माणसे तर पाण्याहून लवकर धावतात. एक माणूस पन्नास-साठ किलोचा. चारशे माणसे म्हणजे वीस ते चोवीस टन. हे वजन डेकवर असते, म्हणजे उंचावर. आणि ते बांधून ठेवता येत नाही.

पुन्हा रामदास

आता रामदासकडे परत येऊ. ती काही मोठी बोट नव्हती. लांबी १८० फुटांच्या आत. १९३६ साली बांधलेली, म्हणजे जुनी झाली होती असेही नाही. देशी लोकांनी काढलेल्या कंपनीची ती बोट. संतांची नावे दिलेल्या त्यांच्या बोटी कोकणच्या माणसाला घरच्या वाटत. १९२७ च्या नोव्हेंबरात वादळात एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ अशा दोन बोटी गेल्या होत्या. पण लोकांना दुसरा मार्ग तरी कोणता होता? कोकणात त्या काळी रेल्वे नव्हती. रस्ते पावसात बंद पडत.

बोट रेवसकडे निघाली तेव्हा वारा, पाऊस आणि उंच लाटा होत्या. एका मोठ्या लाटेने बोट झुकली. भेदरलेली माणसे एका बाजूला धावली, असे वाचलेल्यांच्या तोंडून लोकांनी ऐकले. आत्ता आपण जे पाहिले त्यावरून याचा अर्थ तुम्हाला लागेल. डेकवर उंचावर असलेले शेकडो माणसांचे वजन क्षणात झुकल्या बाजूला गेले. बोटीला सावरायला वेळच मिळाला नाही. धावणाऱ्यांना दोष देता येत नाही. मरणाच्या भीतीने कोण जागेवर बसेल? पण त्यांना आधी कोणी काही सांगितलेलेही नव्हते.

आज लाँचमध्ये किंवा तरीत बसताना काही गोष्टी पाहता येतात. किती उतारू घेण्याची परवानगी आहे, तो आकडा लाँचवर लिहिलेला असतो. तो आता तुम्हाला वाचता येतो. तोंडाने विचारायची गरज नाही. तरंगती जाकिटे कोठे ठेवली आहेत आणि ती बांधायची कशी, हे सुटण्याआधी पाहून घ्यावे. लाँच झुकली तर जेथे असाल तेथे खाली बसावे. बसलेल्या माणसाचे वजन उभ्या माणसापेक्षा खाली येते. धक्का जवळ आला की उतरायच्या घाईने सगळे एकाच काठाशी उभे राहतात. तेथे थोडे मागे राहावे. आम्ही हे स्वतः पाहिले आहे: लाँच धक्क्याला लागायच्या आत निम्मे लोक एका कडेला येतात, लाँच त्या अंगावर कलते, आणि तांडेल ओरडत राहतो, ‘मागे सरा, मागे सरा’. कोणी सरत नाही.

रामदासवर बिनतारी संदेश पाठवण्याचे यंत्र नव्हते. बोट सकाळी उलटली आणि मुंबईला ते कळायला संध्याकाळ झाली. बोट मुंबईपासून थोड्याच मैलांवर होती, पण बातमी आणली ती पोहून किनाऱ्याला लागलेल्या माणसांनी. तोवर मदतीला धावले होते ते रेवसकडचे कोळी. मासळी घेऊन ते समुद्रात होते. त्यांनी आपल्या लहान होड्यांत जमतील तेवढी माणसे ओढून घेतली.